चिखलोलीची बातमी आणि पत्रकारितेची पदवी

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मध्ये वसलेल्या चिखलोलीत बातमीचा तुटवडा कधी पडत नाही. अंबरनाथ पूर्वेच्या काही भागाला पाणी पुरवणारे धरण इथे आहे आणि औद्योगिक वसाहत त्या धरणापासून फार लांब नाही. अंबरनाथचा कचरा इथे येऊन पडतो आणि त्याच्या धुराबद्दल, वासाबद्दल नव्या गृहसंकुलांतले रहिवासी तक्रारी करत असतात. कल्याण-बदलापूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेबरोबर इथे नवे रेल्वे स्थानक मंजूर झाले, आणि त्या स्थानकाच्या भरवशावर इमारतींचे मजले चढत आहेत. अंबरनाथसाठीचे दिवाणी व फौजदारी न्यायालयही चिखलोलीतच आले. पाणी, कचरा, रेल्वे, जमीन, उद्योग आणि न्यायदान एवढे सगळे एका गावाच्या शिवारात. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांच्या वर, अंबरनाथची अडीच लाखांच्या वर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. म्हणजे तेव्हाच हा पट्टा नऊ लाखांच्या पुढे गेला होता. एवढ्या वस्तीची बातमी ज्याच्या हातून जाते तो बहुधा अर्धवेळ वार्ताहर असतो. मानधन नाममात्र, जाहिरात आणली तर कमिशन, आणि एकाच वेळी दैनिक, वृत्तवाहिनी व स्वतःचा यूट्यूब चॅनेल सांभाळण्याची कसरत. विद्यापीठात पत्रकारिता शिकावी की नाही, या जुन्या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर मुंबईतल्या वृत्तवाहिनीच्या निवेदकापेक्षा हा माणूस समोर ठेवणे बरे. त्याला, आणि उद्या त्याच्या जागी येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना, विद्यापीठ असे काय देऊ शकते जे त्यांना दुसरीकडे मिळत नाही?

आधी काय उपलब्ध आहे ते पाहू. आपल्याकडे पत्रकारितेचा पहिला वर्ग ॲनी बेझंट यांनी १९२० मध्ये अड्यारच्या राष्ट्रीय विद्यापीठात काढला. तो टिकला नाही. टिकाऊ सुरुवात १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी केली. फाळणीनंतर तो विभाग दिल्लीला हलला आणि पुढे चंदीगडला गेला. ज्या उलथापालथीने कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले, तिनेच देशातला हा विभागही निर्वासित केला. महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वाट पाडली. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठ विभाग १९६४ पासून आहे, आणि मराठी वृत्तपत्रांत आज वरिष्ठ जागांवर बसलेल्या अनेकांची नावे त्याच्या जुन्या हजेरीपटात सापडतील. मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट १९६९ मध्ये निघाली. मुंबई विद्यापीठाने २००० च्या सुमारास बारावीनंतरचा बीएमएम हा पदवी अभ्यासक्रम आणला, २०१९ मध्ये त्याचे नाव बदलून बीएएमएमसी झाले, आणि मुंबईपासून उल्हासनगर-कल्याणपर्यंतच्या महाविद्यालयांत तो पसरला. काहींनी तो मराठीतूनही चालवला. भारतीय जनसंचार संस्थेची अमरावतीत शाखा आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तेव्हा सोय नाही, अशी तक्रार करायला फारशी जागा उरत नाही. तक्रार असलीच तर या सोयीतून काय मिळते याबद्दल आहे.

या विषयावर मराठीत बोलायला सुरुवात झाली की पहिला आक्षेप ठरलेला असतो: बाळशास्त्री जांभेकरांकडे कुठली पदविका होती? टिळक-आगरकर कुठल्या विभागात शिकले? आक्षेप वजनदार आहे, पण तो ज्या माणसांची साक्ष काढतो ती माणसे नीट पाहिली तर साक्ष उलटते. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवू लागले. १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ काढणारी मंडळी न्यू इंग्लिश स्कूलची शिक्षक होती. मराठी पत्रकारिता जन्मली ती शाळेच्या शेजारीच. आणि इतके शिकलेले लोकही या विशिष्ट व्यवसायाच्या एका मूलभूत कसोटीला उतरले नाहीत. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याच्या प्रकरणात दिवाण बर्वे यांना गोवणारी पत्रे त्यांनी खरी मानली. ती बनावट निघाली, अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांचा हेतू स्वच्छ होता, धैर्य तर वादातीत होते. उणीव होती ती कागद कुणी दिला, का दिला, त्याची दुसऱ्या वाटेने खातरजमा कशी करायची, या रीतीची. ही रीत प्रतिभेतून येत नाही. ती शिकावी लागते. आज मोबाइलवर येणाऱ्या बनावट परिपत्रकांच्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रफितींच्या काळात १८८२ चा तो खटला पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवायला हवा. बहुतेक ठिकाणी तो ‘वृत्तपत्रांचा इतिहास’ या विषयात एका ओळीत उरकला जातो.

आक्षेपाचे दुसरे रूप जास्त खरे आहे. ते असे की पत्रकारिता वर्गात शिकता येत नाही, ती डेस्कवरच शिकावी लागते. डोंबिवलीत जन्मलेले गोविंद तळवलकर १९६८ ते १९९६ या काळात ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक होते, त्याआधी ते ‘लोकसत्ता’त ह. रा. महाजनी यांच्या हाताखाली घडले. त्या पिढीतल्या बहुतेकांची कथा अशीच आहे. कुणीतरी वरिष्ठ बातमी परत करायचा, ‘हे कशावरून?’ असे विचारायचा, तीन परिच्छेदांचा एक करायचा. उपसंपादकाची लाल शाई हीच त्यांची शाळा होती. हे मान्य करायलाच हवे, आणि मान्य केले की पुढचा प्रश्न विचारायला हवा: ती शाळा आज कुठे भरते? अंबरनाथचा वार्ताहर बातमी व्हॉट्सॲपवर पाठवतो. तिचे पान ठाण्यात किंवा नवी मुंबईत लागते. पान लावणाऱ्यावर तीन आवृत्त्यांचा भार असतो. तो मथळा नीट करतो, शुद्धलेखन पाहतो, जागेत बसेल एवढी बातमी कापतो. वार्ताहराला फोन करून ‘या आकड्याचा कागद तुझ्याकडे आहे का?’ असे विचारायला त्याला वेळ नसतो. यूट्यूबवर तर मध्ये कुणीच नसते. माझे म्हणणे या रिकाम्या जागेपाशी सुरू होते. शिकवणारा संपादक नाहीसा झाला; त्याचे काम, निदान त्यातला शिकवण्याजोगा भाग, आता विद्यापीठाने करायला हवा. ज्या प्रमाणात एखादा अभ्यासक्रम ते करतो त्या प्रमाणात तो उपयोगी. बाकी सजावट.

शिकवण्याजोगा भाग कोणता, हे या पट्ट्यातल्याच घटनांवरून दाखवता येते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखली, दिवसभर गाड्या बंद राहिल्या, आणि देशभरच्या वाहिन्यांचे कॅमेरे बदलापूर स्थानकात पोचले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या दिवसांत वार्तांकन करणाऱ्या प्रत्येकासमोर बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे, म्हणजे पोक्सोचे, कलम २३ उभे होते. हे कलम पीडित बालकाचे नाव छापण्यापुरते मर्यादित नाही. पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर, किंवा ओळख पटू शकेल अशी कोणतीही माहिती देण्यास ते मनाई करते, आणि उल्लंघनाला तुरुंगवासाची शिक्षा आहे. आता विचार करा: शाळेत शेकडो मुले आहेत, शाळेचे नाव आंदोलकांच्या फलकांवर आहे, संस्थेची जबाबदारी हाच तर बातमीचा गाभा आहे. मग शाळेचे नाव द्यायचे का? वर्ग सांगायचा का? पालकांचा आवाज बदलून बाइट घेतली तरी गल्ली ओळखू येत असेल तर काय? यांची उत्तरे अर्ध्या मिनिटात, गर्दीत उभे राहून द्यावी लागतात. कायदा माहीत असलेला वार्ताहर निदान थांबून विचार करतो, माहीत नसलेला ‘सगळेच दाखवत आहेत’ म्हणून पुढे जातो. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला तेव्हा आणखी एक कसोटी लागली. पोलिसांचा दावा, कुटुंबाचा आरोप आणि न्यायालयाचे निरीक्षण या तीन वेगळ्या दर्जाच्या गोष्टी आहेत, हे वाक्यरचनेतून दिसले पाहिजे. ‘पोलिसांनी सांगितले’ हे दोन शब्द गाळले की बातमीचा अर्थ बदलतो. आणि त्याच आंदोलनात वार्तांकन करणाऱ्या एका स्थानिक महिला पत्रकाराने माजी नगराध्यक्षांच्या अवमानकारक वक्तव्याबद्दल तक्रार केली, गुन्हा नोंदवला गेला, तेव्हा स्वतःच्या हक्कांचा कायदाही वार्ताहराला ठाऊक असायला हवा हे पुन्हा दिसून आले. न्यायालय चिखलोलीत आल्यावर ही गरज रोजची झाली. रिमांड म्हणजे काय, आरोपपत्र आणि आरोपनिश्चिती यांत फरक काय, जामीन मिळणे म्हणजे सुटका का नाही, हे कुठल्याही डेस्कवर आता कुणी समजावून सांगत नाही.

कायद्याइतकाच मोठा भाग विषयज्ञानाचा आहे, आणि इथे विद्यापीठाशी स्पर्धा करणारे दुसरे कुणी नाहीच. वालधुनी नदी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते, शिलाहारकालीन शिवमंदिराच्या बाजूने वाहते, उल्हासनगरच्या वस्तीतून काळी होत कल्याणकडे जाते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस तिच्या पात्रात टँकरमधून रसायन सोडले गेले, विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरातले शेकडो रहिवासी रुग्णालयात पोचले. वालधुनी आणि उल्हास नद्यांचे प्रदूषण ‘वनशक्ती’ संस्थेने हरित लवादापर्यंत नेले. मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत अमुदान कंपनीत स्फोट होऊन अनेक कामगार मेले. अशा प्रत्येक घटनेनंतर बातम्यांचा साचा एकच: मोठा आवाज, काचा फुटल्या, घबराट, पालकमंत्र्यांची भेट, चौकशीचे आदेश. पुढची बातमी लिहायला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र वाचता यावे लागते. कारखान्याला कोणते उत्पादन किती टन काढायची परवानगी होती आणि प्रत्यक्षात काय निघत होते, हे त्यात असते. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आत आणि बीओडी (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) ३० च्या आत असावा असे मानक आहे. हे दोन आकडे माहीत असलेला वार्ताहर मंडळाचा अहवाल हातात आला की तिसऱ्या मिनिटाला बातमी पकडतो. माहीत नसलेला ‘पाणी काळे, रहिवासी हैराण’ एवढेच लिहितो. ते खोटे नाही, पण कारखानदाराला आणि अधिकाऱ्याला त्याने काहीच फरक पडत नाही. रसायनशास्त्राचा विभाग ज्या इमारतीत आहे त्याच आवारात पत्रकारितेचा वर्ग भरतो, तरी दोघांची गाठ पडत नाही, हे आपल्या विद्यापीठांचे जुने दुखणे.

नगरपालिकांचेही तसेच. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा १९६५ च्या अधिनियमाखाली चालतात, शेजारची उल्हासनगर महापालिका १९४९ च्या अधिनियमाखाली. एकाच लोकलने फिरणाऱ्या वार्ताहराला दोन वेगळ्या कायद्यांचे भान ठेवावे लागते. दोन्ही नगरपरिषदांची मुदत २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकीय राजवट होती. सभागृह नाही, विरोधी पक्ष नाही, सभेत आरडाओरडा नाही. म्हणजे ज्या रंजक गोंधळावर स्थानिक वार्तांकन पोसले जाते तोच नाहीसा झाला. मागे उरले ते अर्थसंकल्प, ठराव, निविदा आणि लेखापरीक्षण अहवाल. कागद वाचणाऱ्याला हा काळ सोन्याचा होता, कारण सगळे निर्णय लेखी होते. भाषणांवर जगणाऱ्याला दुष्काळ. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. कलम ४ खाली काय आपणहून प्रसिद्ध व्हायला हवे, कलम ६ चा अर्ज इतका नेमका कसा लिहायचा की तो फेटाळता येऊ नये, तीस दिवसांत उत्तर न आल्यास अपील कसे करायचे, हे एका सत्रात शिकवता येते. ब्रिटनमध्ये पत्रकारांच्या प्रशिक्षणासाठी १९५१ पासून एक राष्ट्रीय परिषद आहे. तिच्या परीक्षेत माध्यम कायदा, स्थानिक व राष्ट्रीय शासनव्यवस्था आणि लघुलेखन यांना दीर्घकाळ मोठे स्थान राहिले. मिनिटाला शंभर शब्दांचा लघुलेखनाचा वेग हा तिथे प्रतिष्ठेचा मापदंड. ही कौशल्ये कुणाला कंटाळवाणी वाटतील. लहान गावच्या वार्ताहराला लागतात ती नेमकी हीच.

आपल्या अभ्यासक्रमांत मात्र संज्ञापनाची प्रारूपे, माध्यमांचे सिद्धांत, जाहिरात आणि जनसंपर्क यांची गर्दी आहे. सिद्धांताला माझा विरोध नाही. बातमी कशी घडते याचा विचार न करणारा पत्रकार लवकर शिळा होतो. पण तीन वर्षांत एकदाही न्यायालयाच्या पायऱ्या न चढता, एकही अर्थसंकल्प न उलगडता पदवी मिळत असेल तर प्रमाण चुकले आहे. जाहिरात आणि पत्रकारिता एकाच पदवीखाली नांदणे हीही विचित्र गोष्ट. एकाने गिऱ्हाइकाची बाजू मांडायची, दुसऱ्याने कुणाचीच मांडायची नाही. आणि पगार बहुधा पहिल्याला जास्त. साहजिकच हुशार मुलांचा ओढा तिकडे. सरावासाठी काढली जाणारी चार पानी अंतर्गत पत्रे तर परीक्षकाशिवाय कुणी वाचत नाही, त्यामुळे त्यांत चूक झाली तरी कुणाचे काही बिघडत नाही. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाने १९०८ मध्ये पत्रकारितेचे महाविद्यालय काढले तेव्हा वर्ग सुरू झाले त्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, विद्यार्थ्यांनी चालवायचे गावचे खरेखुरे दैनिकही सुरू झाले. ते आजही निघते. बातमी चुकली तर गावातला माणूस दारात येऊन उभा राहतो, हा तिथला खरा परीक्षक. उल्हासनगर किंवा बदलापूरच्या एखाद्या महाविद्यालयाने तीन नगरांचे साप्ताहिक, कागदावर किंवा संकेतस्थळावर, चालवायला काय हरकत आहे? ठाण्यात १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ निघू शकला तर आजची साधने काही कमी नाहीत. महाविद्यालयांच्या संस्थाचालकांत राजकारणी असतात आणि त्यांना असे पत्र परवडणार नाही, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. तरी सुरुवात पाण्याच्या वेळापत्रकापासून, रेल्वेच्या कामापासून, न्यायालयाच्या निकालांपासून होऊ शकते. प्रत्येक उपयोगी बातमी संस्थाचालकाच्या पायावरच पडते असे नाही.

यापुढचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. शिक्षणाचा आग्रह धरला की तो हळूहळू अट बनतो, आणि अट बनली की ज्यांना शिक्षण नाकारले गेले त्यांचे तोंड बंद होते. हा धोका काल्पनिक नाही. मार्च २०१३ मध्ये प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. मार्कंडेय काटजू यांनी पत्रकारांसाठी किमान पात्रता ठरवण्याकरिता समिती नेमली. वकिलाला, डॉक्टरला पदवी लागते, तर पत्रकाराला का नको, हा त्यांचा युक्तिवाद. उत्तर राज्यघटनेत आहे: वकिली हा परवान्याने मिळणारा अधिकार आहे, बोलणे आणि छापणे हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत अधिकार. महाराष्ट्राला तर हे उदाहरणांसह माहीत आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधू’ काढला आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत तो चालवला, तेव्हा पात्रतेची चाळणी असती तर ती कुणाच्या हातात असती, हे वेगळे सांगायला नको. १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला तो प्रस्थापित वृत्तपत्रांनी जागा नाकारली म्हणूनच. काटजूंच्या त्या समितीतून सक्तीचा कायदा निघाला नाही हे बरेच झाले. म्हणून माझी बाजू स्पष्ट ठेवतो: पदवी ही पत्रकाराचे ओळखपत्र होता कामा नये. चिखलोलीचा कुणीही रहिवासी कचऱ्याच्या धुराची चित्रफीत काढून घटनेने दिलेल्या हक्काने ती प्रसिद्ध करू शकतो, आणि करावी. शिक्षण हवे ते त्याच चित्रफितीला कुणी खोटे ठरवू शकू नये म्हणून. याचा उलटा अर्थही लक्षात घ्यायला हवा: ज्यांच्या घरात वृत्तपत्राचा वारसा नाही, कुणी संपादक काका नाही, त्यांना ही विद्या मिळण्याचे विद्यापीठ हेच एकमेव उघडे दार असू शकते. म्हणून ते मराठीत असणे आणि स्वस्त असणे दोन्ही महत्त्वाचे. इंग्रजीत शिकवून मराठी बातमी लिहायला पाठवणे ही मुंबई परिसरातली नेहमीची विसंगती आहे, आणि कायदा व अर्थसंकल्प यांवर पत्रकारांसाठी लिहिलेल्या मराठी पाठ्यपुस्तकांची उणीव तिला खतपाणी घालते. रा. के. लेले यांचा मराठी वृत्तपत्रांचा इतिहास जसा हाताशी आहे, तसे रोजच्या कामाचे मराठी पुस्तक हाताशी नाही.

पोटापाण्याच्या आक्षेपावर मात्र गोड बोलून चालणार नाही. वृत्तपत्र कर्मचाऱ्यांसाठीच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या, तरी अर्धवेळ वार्ताहराच्या खिशापर्यंत त्यांचा ओलावा क्वचितच पोचला. पदवीने हे बदलत नाही. तेव्हा बारावी झालेल्या मुलाने किंवा मुलीने काय करावे? माझे मत असे, आणि ते विभागप्रमुखांना आवडणार नाही: पहिली पदवी दुसऱ्या विषयात घ्यावी. अर्थशास्त्र, कायदा, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी वाङ्मय, काहीही, पण खोलवर. पत्रकारिता त्यानंतर एक-दोन वर्षांची. जोसेफ पुलित्झर यांनी कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारितेच्या महाविद्यालयासाठी पैसे देऊ केले ते १८९२ मध्ये नाकारले गेले. १९०४ मध्ये त्यांनी एका दीर्घ लेखात आपली बाजू मांडली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९१२ मध्ये ते महाविद्यालय सुरू झाले. त्या लेखात भर होता तो कायदा, इतिहास, आकडेवारी, नीती यांवर. व्यवसायाच्या हिशेबी बाजूला त्यांनी अभ्यासक्रमात जागाच दिली नव्हती. शिवाय पत्रकारितेत टिकता आले नाही तर हाती दुसरा विषय राहतो, हा हिशेब मध्यमवर्गीय घराला समजावून सांगावा लागत नाही. बारावीनंतरच माध्यमांत जायचे ठरलेलेच असेल, तर निदान महाविद्यालय निवडताना एवढे विचारावे की इथले विद्यार्थी काय छापतात आणि ते कोण वाचते.

आधीच कामात असलेल्यांचा विचार सर्वांत कमी झाला आहे, आणि खरे तर शिक्षणाचा सर्वाधिक फायदा त्यांनाच. दहा वर्षे बातमीदारी केलेल्या माणसाला बातमीचे सहा प्रश्न शिकवायला बसवणे हा त्याचा अपमान आहे. मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणाचे दार उघडले हे मोठेच काम, पण छापील पुस्तिका आणि सत्राअखेरची परीक्षा एवढ्यावर लाल शाईची जागा भरत नाही. बदलापूरहून मुंबई गाठायला लोकलने दीड तासाच्या आसपास लागतो, तेव्हा रोज फोर्टला किंवा कलिन्याला जाऊन संध्याकाळचा वर्ग करा असे त्याला सांगण्यात अर्थ नाही. त्याला हवे आहे ते उल्हासनगर किंवा कल्याणमध्ये, रविवारी, एका वेळी एकच विषय: न्यायालयीन वार्तांकन सहा रविवार, नगरपालिका अर्थसंकल्प सहा रविवार, प्रदूषणाची कागदपत्रे, छायाचित्र-चित्रफितींची पडताळणी. त्याने आणलेली त्या आठवड्याची स्वतःची बातमी हाच पाठ. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने कामाच्या अनुभवाला श्रेयांक द्यायची तरतूद केली आहे. अशा तुकड्या जोडत पदविका, मग पदवी पूर्ण करता येईल. कृत्रिम बुद्धिमत्ता प्रेसनोटची बातमी काही सेकंदांत करून देते, म्हणून आता शिकण्यात काय राम, असा नवा सूर ऐकू येतो. ज्या वार्ताहराचे काम प्रेसनोट उतरवणे एवढेच होते त्याच्यापुरता तो खरा आहे. निविदेतली अट कुणासाठी घातली गेली हे विचारायला अजून माणूसच लागतो.

राहिला प्रश्न शिकवणार कोण, आणि इथे सगळी योजना अडते. विद्यापीठात शिक्षक व्हायला नेट किंवा पीएच.डी. लागते. ज्याने वीस वर्षे ठाणे जिल्ह्याचे न्यायालय आणि महापालिका पालथ्या घातल्या त्याच्याकडे ती नसते, आणि ज्याच्याकडे ती असते त्याने बहुधा एकही सुनावणी पूर्ण बसून ऐकलेली नसते. दोघांनाही दोष देण्यात अर्थ नाही. नियमच तसे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नावाने एक पळवाट नव्हे तर राजमार्ग दिला: किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाला औपचारिक पदवीची अट न लावता, मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत, ठरावीक मुदतीसाठी नेमता येते. व्यवस्थापन आणि अभियांत्रिकीच्या संस्थांना कंपन्यांतले अधिकारी आणायला ही तरतूद सोयीची आहे. पत्रकारितेच्या विभागांनी ती वापरायची ठरवली तर पहिला मोह नावाजलेल्या निवेदकाला बोलावण्याचा होईल, उद्घाटनाला आणि छायाचित्राला ते बरे दिसते. त्याऐवजी निवृत्तीला आलेला एखादा न्यायालय-बातमीदार, आवृत्ती बंद पडल्याने घरी बसलेला एखादा उपसंपादक शोधावा. मराठी वृत्तपत्रांनी गेल्या काही वर्षांत अशी बरीच माणसे मोकळी केली आहेत, आणि त्यातली काही कल्याण-बदलापूरच्या पट्ट्यातच राहतात.